कोण कोणास म्हणाले? : मराठीतील प्राध्यापक नाटककार
(प्रस्तावना)

मराठीत नाटक लिहून घर चालवणारे नाटककार नेहमीच थोडे होते. बाकीच्यांची चूल दुसऱ्या कुठल्या तरी नोकरीवर पेटत राहिली. कुणी बँकेत होते, कुणी वृत्तपत्रात, कुणी सरकारी कचेरीत, तर कुणी आकाशवाणीवर. साहित्य शिकवणारा अध्यापक या सगळ्यांत वेगळा पडतो, कारण त्याच्या नोकरीचा आणि लेखनाचा कच्चा माल एकच असतो. बँकेतला नाटककार संध्याकाळी खातेवह्या मिटून नाटकाकडे वळू शकतो. अध्यापकाला तशी सुटका नाही. दुपारी शेक्सपिअरचा तिसरा अंक मुलांना समजावून सांगायचा आणि रात्री स्वतःच्या अडलेल्या तिसऱ्या अंकाशी झुंजायचे, असा त्याचा दिनक्रम असतो. दुपारी ज्या चुका तो दुसऱ्यांच्या संहितेत दाखवतो, त्याच रात्री त्याच्या स्वतःच्या कागदावर उतरतात.

शाळेत मराठी शिकलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न ठाऊक असतो : 'कोण, कोणास म्हणाले?' प्रश्नपत्रिकेत त्याला एक-दोन गुण असतात. पुढे महाविद्यालयात तोच प्रश्न 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' असे भारदस्त रूप घेतो. नाटककाराचा सगळा धंदा मात्र या एका प्रश्नावर उभा असतो. हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे, ते कोणाला उद्देशून आहे, ते आत्ताच का उच्चारले जाते आणि समोरचा गप्प का राहतो, हे ठरल्याशिवाय संवाद होत नाही, नुसती वाक्ये होतात. वर्षानुवर्षे हा प्रश्न मुलांना विचारणाऱ्या माणसाने नाटक लिहायला घेतले की काय घडते, हा या अभ्यासाचा विषय आहे.

समीक्षेत 'प्राध्यापकी नाटक' हा शब्द बहुधा नापसंतीने वापरला जातो. पात्रे बोलत नाहीत, व्याख्यान देतात, असा त्याचा अर्थ. या आक्षेपात तथ्य आहे आणि पुढे त्याची उदाहरणेही येतील. पण तेवढ्यावर विषय संपवला तर मराठी नाटकाचा एक मोठा हिस्सा नीट दिसतच नाही. जगातले नाटक मराठीत आले ते बऱ्याच अंशी वर्गाच्या दारातून. नाटकाला बुद्धिमान आणि तरुण श्रोता मिळाला तो वर्गात. बाजाराला 'नाही' म्हणण्याची सोय काही नाटककारांना मिळाली, तीही वर्गाच्या पगारामुळे.

मराठी नाटकाचा आरंभ १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर'ने झाला असे मानले जाते. ते नाटक शाळेतून आलेले नव्हते. सूत्रधाराची पदे, पात्रांची उत्स्फूर्त भाषणे, राक्षसांचा धुमाकूळ अशी त्याची घडण होती आणि पूर्ण लिहिलेल्या संहितेची त्याला फारशी गरज नव्हती. लिहिलेले, छापलेले, वाचता येणारे नाटक इंग्रजी शिक्षणाबरोबर आले, आणि तेथून शिक्षकाचा प्रवेश झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर काही काळ बेळगावात शिक्षक होते. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनीही बेळगावातच शिकवले. 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचणाऱ्या आणि पुढे 'शारदा' लिहिणाऱ्या देवलांच्या भाषेत जो स्वच्छपणा आहे, त्याचे श्रेय कोणी एका नोकरीला देऊ नये. तरीही प्रत्येक वाक्य समोरच्याला कळलेच पाहिजे, हा शिक्षकाचा हट्ट त्यांच्या संवादांत जाणवतो.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन महाविद्यालयाच्या परिसरात या नात्याला संस्थेचे रूप आले. गोपाळ गणेश आगरकर यांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. फर्ग्युसनमधले इंग्रजीचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी 'टेमिंग ऑफ द श्रू'वरून 'त्राटिका' लिहिली. शाहूनगरवासी नाटक मंडळीने ही नाटके रंगभूमीवर आणली आणि गणपतराव जोशी यांच्या अभिनयाने ती गाजली. या घटनेकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकासमोर शेक्सपिअर उभा राहिला, आणि तो उभा करणाऱ्यांत एका बाजूला विद्यापीठाचा पदवीधर होता तर दुसऱ्या बाजूला गावोगाव बिऱ्हाड घेऊन हिंडणारी नाटक मंडळी. पुढे फळा आणि पडदा यांच्यात जे अंतर पडले, ते त्या काळी तितके नव्हते.

संगीत नाटकाच्या वैभवकाळात अध्यापक मागे पडला. पदे, गायक नट आणि मंडळ्यांचे मालक यांनी नाटकाचे रूप ठरवले. बोलपटाने या मंडळ्यांना ओहोटी लावल्यावर १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाचा प्रयोग केला. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते लिहिले होते आणि केशव नारायण काळे यांनी बसवले होते. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करणे, पार्श्वसंगीताचा संयमी वापर, खोलीसारखी दिसणारी खोली, या गोष्टी आज सवयीच्या झाल्या आहेत, त्या वेळी नव्या होत्या. या संस्थेच्या प्रवर्तकांपैकी अनंत काणेकर पुढे मुंबईत खालसा आणि सिद्धार्थ महाविद्यालयांत मराठीचे प्राध्यापक झाले. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'वरून त्यांनी 'घरकुल' लिहिले. जगातले नाटक वाचायचे आणि ते मराठी घरात आणून बसवायचे, ही आगरकर-केळकरांची जुनी वाट काणेकरांनी मध्यमवर्गीय दिवाणखान्यापर्यंत नेली.

त्याच दशकात आचार्य अत्रे यांनी अगदी वेगळा मार्ग धरला. पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक, लंडनला जाऊन शिक्षणशास्त्र शिकून आलेले आणि 'नवयुग वाचनमाला' घडवणारे अत्रे आधी शिक्षक होते. 'साष्टांग नमस्कार' १९३३ मध्ये आणि 'लग्नाची बेडी' १९३६ मध्ये आले, तेव्हा त्यांच्यामागे वर्गातल्या वात्रट मुलांना वर्षानुवर्षे ताब्यात ठेवल्याचा अनुभव होता. हजार माणसांचे लक्ष कोणत्या क्षणी सुटते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पिंपरीत संत तुकारामनगरच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे. तिथे नाटक पाहायला जाणाऱ्या किती जणांना त्यांच्या पाठ्यपुस्तकांची आठवण असेल, हे सांगता येत नाही. पण नाटककार अत्रे आणि वाचनमालाकार अत्रे यांना वेगळे काढता येत नाही. पु. ल. देशपांडे यांनीही बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवले. मात्र त्यांची नाट्यदृष्टी गाण्यातून, आकाशवाणीतून आणि माणसांच्या बैठकीतून घडली. वर्गाचा वाटा त्यात लहान आहे.

'प्राध्यापक नाटककार' हे नाव खऱ्या अर्थाने ज्यांना पहिल्यांदा चिकटले ते वसंत कानेटकर. जन्म सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा, वडील रविकिरण मंडळातले कवी गिरीश. नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात त्यांनी सुमारे पाव शतक अध्यापन केले. आधी 'घर', 'पंख', 'पोरका' या कादंबऱ्या झाल्या. १९५७ मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने त्यांचे 'वेड्याचं घर उन्हात' हे पहिले नाटक केले. भालबा केळकर आणि डॉ. श्रीराम लागू ही नावे या नाटकाशी जोडलेली आहेत. त्यानंतर 'प्रेमा तुझा रंग कसा', 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२), 'मत्स्यगंधा', 'लेकुरे उदंड जाली', 'अश्रूंची झाली फुले' (१९६६), 'इथे ओशाळला मृत्यू', 'हिमालयाची सावली' (१९७२) अशी रांग लागली. विनोदी, ऐतिहासिक, पौराणिक, संगीत, कौटुंबिक असे सगळे प्रकार त्यांनी हाताळले आणि व्यावसायिक रंगभूमीला कित्येक वर्षे नाटके पुरवली.

कानेटकरांच्या नाटकांत शिक्षक पुन्हा पुन्हा येतो, आणि इथे त्यांचा वर्ग सर्वांत स्पष्ट दिसतो. 'प्रेमा तुझा रंग कसा'मध्ये प्रा. बल्लाळ आहेत. 'हिमालयाची सावली'मधले नानासाहेब भानू महर्षी कर्वे यांच्या जीवनावरून घडले आहेत. स्वतःच्या ध्येयासाठी संसार उन्हात ठेवणारा हा प्राध्यापक, आणि त्याच्या सावलीत होरपळूनही त्याला उभे ठेवणारी त्याची पत्नी बायो. 'अश्रूंची झाली फुले'मधले प्राचार्य विद्यानंद संस्थाचालकांच्या भ्रष्टाचारात भरडले जातात आणि शेवटी गुन्हेगारीकडे ढकलले जातात. ज्या उनाड लाल्याला त्यांनी माणसात आणले तोच पोलीस अधिकारी होऊन त्यांच्यासमोर उभा राहतो. प्रभाकर पणशीकरांचे विद्यानंद आणि काशिनाथ घाणेकरांचा लाल्या यांच्या जुगलबंदीसाठी लोक पुन्हा पुन्हा तिकिटे काढत. पुढे त्यावर 'आँसू बन गये फूल' हा हिंदी चित्रपट निघाला. कोण कोणास म्हणाले, हा प्रश्न या नाटकात जागा बदलतो. पहिल्या भागात गुरू बोलतो आणि शिष्य ऐकतो. अखेरीस बोलण्याचा अधिकार शिष्याकडे जातो आणि गुरूजवळ उत्तर नसते. इतकी साधी आणि इतकी परिणामकारक रचना वर्गाबाहेरच्या माणसाला सुचणे कठीण होते.

'रायगडाला जेव्हा जाग येते' ऐतिहासिक आहे, पण त्याचा गाभा बाप आणि मुलगा यांच्यातला न बोलता येणारा जिव्हाळा हा आहे. धी गोवा हिंदु असोसिएशनच्या या नाटकात इतिहासाचा अभ्यास भरपूर आहे, तरी तो पात्रांच्या गळ्यात अडकत नाही. इतर काही नाटकांत मात्र कानेटकरांची पात्रे सुभाषितांच्या आहारी जातात, वाक्य टाळीसाठी थांबते, आणि तिथे प्राध्यापकी नाटकाचा आक्षेप लागू पडतो. त्यांचे मोठेपण मान्य करूनही हा दोष झाकण्याचे कारण नाही.

महेश एलकुंचवार यांची वाट नेमकी उलट दिशेने जाते. जन्म ९ ऑक्टोबर १९३९, यवतमाळ जिल्ह्यातले पारवा हे गाव, मूळचे तेलुगू कुटुंब. लहान वयातच शिक्षणासाठी घरापासून दूर राहावे लागले. पुढे नागपूर आणि इंग्रजी साहित्याची पदव्युत्तर पदवी. मित्रांबरोबर चित्रपटाला गेले असता तिकीट मिळाले नाही, म्हणून ते विजया मेहता यांनी बसवलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'मी जिंकलो मी हरलो'च्या प्रयोगाला जाऊन बसले, आणि त्या एका संध्याकाळीने त्यांना नाटकाकडे वळवले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यानंतर त्यांनी लगेच लिहायला घेतले नाही. आधी मिळतील ती नाटके झपाटल्यासारखी वाचून काढली. प्रयोग पाहून पेटणे आणि लिहिण्याआधी ग्रंथालयात जाऊन बसणे हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो शुद्ध विद्यार्थ्याचा क्रम आहे.

'सुलतान' ही एकांकिका १९६७ मध्ये 'सत्यकथा' मासिकात आली आणि विजया मेहतांच्या नजरेस पडली. 'सुलतान', 'होळी' यांसारख्या एकांकिका 'रंगायन' या नाट्यसंस्थेने केल्या. 'होळी'त महाविद्यालयाच्या वसतिगृहातली मुले आहेत. सुट्टी नाकारल्याच्या क्षुल्लक कारणावरून सुरू झालेला संताप हळूहळू एका दुबळ्या मुलावर उलटतो. १९८४ मध्ये केतन मेहता यांनी यावर चित्रपट केला, त्यात तरुण आमिर खान होता. कानेटकरांच्या महाविद्यालयात प्राचार्य मध्यभागी असतात. एलकुंचवारांच्या महाविद्यालयात शिक्षक जवळजवळ नाहीच. मुले एकमेकांशी बोलतात आणि त्यांना ऐकणारे कोणी नाही. दोन अध्यापकांनी एकाच संस्थेची काढलेली ही दोन चित्रे शेजारी ठेवली तर साठ आणि सत्तरच्या दशकांत महाविद्यालयात काय बदलले, हे समाजशास्त्राच्या पुस्तकाइतकेच स्पष्ट दिसते.

'गार्बो', 'वासनाकांड', 'पार्टी' ही पुढची नाटके कलावंताचे वांझपण आणि ढोंग यांच्याशी भिडली. 'वासनाकांड'ला परिनिरीक्षण मंडळाचा विरोध झाला. 'पार्टी'वर गोविंद निहलानी यांनी १९८४ मध्ये चित्रपट केला. या काळात एलकुंचवारांवर परदेशी नाटकाचा फार प्रभाव असल्याची टीका होत असे. स्ट्रिंडबर्ग, सार्त्र, काम्यू हे नुसते वाचलेले लेखक त्यांच्या नाटकांत डोकावतात असे म्हटले जाई, आणि त्यात काही अंशी खरे होते. म्हणूनच १९८५ मध्ये विजया मेहतांच्या दिग्दर्शनात 'वाडा चिरेबंदी' आले तेव्हा जाणकारही चकित झाले. विदर्भातल्या धरणगावचे देशपांडे, तात्याजींच्या मृत्यूनंतर जमलेले कुटुंब, दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर, मुंबईहून आलेला सुधीर, शिकायचे राहून गेलेली प्रभा, सिनेमाच्या नादात शिकवणीच्या मास्तराबरोबर दागिने घेऊन निघून जाणारी रंजू. इतक्या जवळच्या जगात पोचायला नाटककाराला युरोपला वळसा घालून यावे लागले. चेखव वाचलेला माणूस घरी परतला आणि त्याला स्वतःच्या गावची पडवी दिसली, असे या प्रवासाचे वर्णन करता येईल.

या नाटकातल्या दादीकडे नीट पाहावे. अंथरुणाला खिळलेली ही म्हातारी मधूनच किती वाजले हे विचारते. बहुतेक वेळा तिला उत्तर देण्याची कोणाला घाई नसते. परीक्षेत 'कोण, कोणास म्हणाले?' असे विचारले तर पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्या भागाशी विद्यार्थी अडखळतो, कारण दादी हे कोणालाच म्हणत नाही, किंवा सगळ्या वाड्याला म्हणते. तालमीत हा प्रश्न व्यवहाराचा होतो : दादीच्या आवाजावर घरातल्या वहिनीने मान वळवायची की भाजी निवडत राहायचे? मान वळवली तर घरात अजून धाक आहे. नाही वळवली तर तो गेला आहे. संहिता हे सांगत नाही. दिग्दर्शकाला आणि नटीला ते ठरवावे लागते, आणि प्रयोगागणिक वाड्याचे वय त्यावर बदलते.

'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' यांनी ही त्रयी पूर्ण झाली. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटकांचा सलग प्रयोग केला. सुमारे नऊ तास प्रेक्षक एका कुटुंबाबरोबर बसून राहिले. 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि सरस्वती सन्मानही. या सगळ्या काळात एलकुंचवार नागपुरातच धरमपेठ शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत राहिले. १९९९ मध्ये ते इंग्रजीचे विभागप्रमुख म्हणून एम. पी. देव स्मृती महाविद्यालयातून निवृत्त झाले. हे महाविद्यालय विज्ञानाचे आहे, ही गोष्ट चरित्रकार सहसा एका ओळीत उरकतात. या अभ्यासाला ती महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेतून धावत आलेल्या, साहित्याची पदवी घेण्याचा विचारही नसलेल्या मुलांपुढे साहित्य शिकवणे ही वेगळी कसरत असते. तिथे आस्वाद गृहीत धरता येत नाही. तो दर तासाला नव्याने मिळवावा लागतो.

पगाराचा मुद्दाही इथेच येतो. मुंबईच्या निर्मात्यांपासून दूर, नागपूरसारख्या ठिकाणी राहून, दोन नाटकांत वर्षानुवर्षांचे अंतर ठेवून लिहिणे ज्याला परवडले, त्याच्यामागे दरमहा येणारे वेतन होते. प्रायोगिक नाटकाची चळवळ चालली तीही बऱ्याच अंशी अशा नोकरदारांच्या संध्याकाळींवर. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने जे घडवले, त्याला दिवसा बाक आणि फळे सांभाळणाऱ्या इमारतीनेच आसरा दिला होता.

एक निराळा आणि अधिक धारदार प्रवाह औरंगाबादेत सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' लिहिले. ते आधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केले आणि १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी जमलेल्या अफाट समुदायासमोर झाले. दलित रंगभूमीचा आरंभ अनेक अभ्यासक येथून मानतात. पुढे नांदेडला मराठीचे अध्यापन करणारे दत्ता भगत यांच्या 'वाटा-पळवाटा'ने हा प्रवाह पुढे नेला. चळवळीत पडलेले तडे, तीन पिढ्यांची तीन मते आणि शिकून वर आलेल्या माणसाची कोंडी त्यात आहे. कानेटकर आणि एलकुंचवार यांच्या आधीच्या पिढ्यांनी वर्गात बसणे गृहीत धरले होते. मिलिंदच्या अंगणात नाटक करणाऱ्या मुलांच्या घरात वर्गात पाऊल टाकणारी ती पहिलीच पिढी होती. तिथे 'कोण म्हणाले?' हाच मुळात नवा प्रश्न होता. शतकानुशतके ज्यांना बोलू दिले गेले नाही ते बोलत होते. प्राध्यापक नाटककारांच्या इतिहासात या प्रवाहाला अनेकदा शेवटचे अर्धे पान मिळते. त्याची जागा मध्यभागी आहे.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयक अभ्यास शिकवणारे गो. पु. देशपांडे साहित्याचे अध्यापक नव्हते. तरी त्यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा' (१९७४) येथे वगळता येत नाही, कारण त्यात चौकशी समितीसमोर उभा असलेला एक डाव्या विचारांचा प्राध्यापक आहे. डॉ. लागूंनी ती भूमिका केली. आयुष्यभर प्रश्न विचारणारा माणूस प्रश्नांची उत्तरे देण्याच्या खुर्चीत बसतो. नाटकात घडत काहीच नाही, फक्त बोलणे आहे, आणि तरीही ताण सैल होत नाही. व्याख्यान हे नाटक होऊ शकत नाही, असे मानणाऱ्यांनी ही संहिता मोठ्याने वाचून पाहावी.

भाषांतराची जुनी वाट या काळातही बंद झाली नव्हती. इंग्रजीचे प्राध्यापक विंदा करंदीकर यांनी ग्योथेचे 'फाउस्ट' आणि शेक्सपिअरचा 'राजा लिअर' मराठीत आणला. इतर भाषांतही हे घराणे सापडते. जालंधरला हिंदी शिकवणारे मोहन राकेश, कन्नडचे प्राध्यापक चंद्रशेखर कंबार, इफे विद्यापीठातले वोले सोयिंका. लुईजी पिरांदेल्लो यांनी १८९७ ते १९२२ अशी पंचवीस वर्षे रोममध्ये शिक्षिका होऊ घातलेल्या मुलींना साहित्य शिकवले. लेखकाच्या शोधात निघालेली त्यांची प्रसिद्ध सहा पात्रे त्या नोकरीच्या अखेरच्या काळातली आहेत.

१९८० नंतर विद्यापीठांत नाटकाचेच स्वतंत्र शिक्षण वाढले. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू झाले. 'महानिर्वाण' आणि 'बेगम बर्वे'चे नाटककार सतीश आळेकर, जे मुळात जीवरसायनशास्त्राचे, १९९६ पासून अनेक वर्षे त्याचे प्रमुख होते. मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आली. नाटक शिकवणारा आणि साहित्य शिकवणारा या दोन वेगळ्या नोकऱ्या झाल्या. त्याने प्रयोगाचे शिक्षण पक्के झाले हे निःसंशय. पण साहित्याच्या वर्गातले नाटक त्यामुळे आणखी कागदी झाले. संहिता एका इमारतीत आणि तालीम दुसऱ्या इमारतीत, अशी वाटणी आज बहुतेक ठिकाणी दिसते.

आज हा विषय हाती घेण्याचे कारण पुण्याच्या पश्चिमेला ताथवड्यात फार ठळकपणे दिसते. मुळशी तालुक्यातले हे गाव २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. पशुसंवर्धन खात्याचे वळूमाता प्रक्षेत्र आणि शेतजमिनी असलेल्या या भागात महामार्गालगत अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये उभी राहिली, त्यांच्या मागे वसतिगृहे, खानावळी, उंच इमारती आल्या. इथल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकात साहित्याचा तास नाही. आणि तरीही नाटक आहे. पावसाळ्यात प्रॅक्टिकल संपल्यावर एखाद्या रिकाम्या वर्गातले बाक भिंतीला लावले जातात, खडूने जमिनीवर रंगमंचाची चौकट आखली जाते, आणि यवतमाळ, बीड, जळगाव, कोल्हापूर अशा चार बोलींची मुले एकाच घरातली भावंडे होऊन बोलू लागतात. कोणी तरी भ्रमणध्वनीवर संहिता धरून वाक्ये पुरवतो. दिग्दर्शक तिसऱ्या वर्षाचा यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी असतो आणि तो वारंवार एकच विचारतो : हे तू कोणाला म्हणतोयस? त्या मुलाने प्राध्यापक नाटककारांचे नावही ऐकलेले नसेल. पण त्याच्या तोंडचा प्रश्न त्यांचाच आहे.

१९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक घेत असलेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा हे या मुलांचे गंतव्य असते. नेपथ्याच्या थाटापेक्षा संहिता आणि अभिनय यांना महत्त्व देणाऱ्या या स्पर्धेने पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन नाटकाला शिस्त लावली. भरत नाट्य मंदिरात 'अरे, आवाज कुणाचा' ही आरोळी उठते तेव्हा डांगे चौक ओलांडून तासभर प्रवास करून आलेल्या संघाचाही आवाज त्यात असतो. पिंपरी-चिंचवड या उद्योगनगरीची स्वतःची नाट्यपरंपराही जुनी आहे. कारखान्यांतले कामगार कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांसाठी पाळ्या सांभाळून तालमी करत आले. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह उपनगरी प्रेक्षकाचे हक्काचे ठिकाण झाले, आणि शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन जानेवारी २०२४ मध्ये जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले. नाटक या पट्ट्यात पुरेसे आहे. ज्याची उणीव आहे तो त्याला लागून बसणारा वाचनाचा वर्ग.

दुसरे कारण पैशाचे आहे आणि ते टाळता येत नाही. कानेटकर, एलकुंचवार, भगत यांच्यामागे कायम नोकरी होती. आज राज्यातल्या महाविद्यालयांत साहित्य शिकवणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तासिका तत्त्वावर आहेत. तासाला ठरलेले मानधन मिळते, तेही उशिरा, आणि सुट्टीच्या महिन्यांत काहीच नाही. दोन-तीन महाविद्यालयांत तास करत फिरणाऱ्या तरुण अध्यापकाकडे तिसऱ्या अंकासाठी रात्र उरत नाही. मराठी नाटकाला ज्या आर्थिक पायावर एक संपूर्ण परंपरा मिळाली, तो पाया खचतो आहे. पुढचा एलकुंचवार कुठल्या तरी विज्ञान महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असेलही, पण त्याला दोन नाटकांमध्ये दहा वर्षे थांबणे परवडेल का, हा खरा प्रश्न आहे. या परंपरेवर प्रेम असलेल्या प्रत्येकाने त्याची काळजी केली पाहिजे.

प्रस्तुत ग्रंथ प्राध्यापक नाटककारांची चरित्रे देतो, परंतु तो चरित्रकोश नाही. प्रत्येक नाटककाराची नोकरी आणि नाटके एकत्र वाचण्याचा प्रयत्न त्यात आहे. तो काय शिकवत होता, कोणाला शिकवत होता, कोणत्या गावात, आणि त्याच वर्षांत काय लिहीत होता. साम्य दिसले म्हणजे कारण सापडले, असा दावा कुठेही केलेला नाही. वर्गाचा ठसा जिथे दिसत नाही तिथे तसे म्हटले आहे. रुची तयार झालेला साहित्याचा विद्यार्थी या ग्रंथाचा वाचक आहेच, पण लिहिताना डोळ्यांसमोर ताथवडे-वाकड भागातला तो दिग्दर्शक विद्यार्थीही होता, ज्याला नाट्यशास्त्राची परिभाषा येत नाही आणि तालीम मात्र उद्या संध्याकाळी आहे. म्हणून परिभाषा कमी ठेवली आहे आणि प्रत्येक नाटकातला एखादा प्रसंग तालमीत करून पाहता येईल अशा रीतीने उलगडला आहे.

निवडीच्या मर्यादा उघड आहेत. बालनाट्य, लोकनाट्य, नाट्यछटा आणि नभोनाट्य बाहेर ठेवली आहेत. नाटककार नसलेले पण नाटक उत्तम शिकवणारे अध्यापक आणि समीक्षक, ज्यांच्यावाचून ही परंपरा उभीच राहिली नसती, त्यांचा उल्लेख ओघानेच येतो. स्त्री नाटककारांची संख्या कमी आहे. महाविद्यालयांत शिकवणाऱ्या स्त्रिया गेल्या अर्धशतकात झपाट्याने वाढल्या, पण रंगभूमीच्या रात्री आणि दौरे त्यांना तितक्या सहज मोकळे झाले नाहीत, हे त्यामागचे एक कारण ग्रंथात तपासले आहे. नाटकांच्या संहिता येथे छापलेल्या नाहीत. ग्रंथासोबत त्या मिळवून वाचाव्यात, आणि शक्य असेल तेथे दोघा-तिघांनी मिळून मोठ्याने वाचाव्यात. दादीचे किती वाजले हे विचारणे मनातल्या मनात वाचले तर ते एक वाक्य असते. खोलीत दुसरे कोणी बसलेले असताना ते उच्चारले की त्या माणसाला मान वळवायची की नाही हे ठरवावे लागते.